सिग्नल काढलेला चौक

१९ एप्रिल, शनिवार, सकाळ

प्रिय वहिनी,

नमस्कार. पाया पडते असं लिहिणार होते, पण तू म्हणशील, पडायचंच असेल तर समोर येऊन पड, कागदावर कसले पाय. तेव्हा नुसता नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? दादाचा खोकला गेला का? मी बरी आहे. फोनच केला असता, पण गेली दीड वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, आणि दादाला मध्ये घालून घालून त्याचा पार निरोप्या झालाय. पत्र मात्र तू वाचशील. फाडणार असलीस तरी आधी वाचशील, एवढी मी तुला ओळखते.

तर बातमी अशी की आम्ही जिंकलो.

काल संध्याकाळी पाच चाळीस. शाळेचा चौक, म्हणजे तुझाच चौक. कारखान्याची पाळी सुटलेली, शाळा सुटलेली, आणि चौकात सिग्नलचा एकही दिवा नाही. दिवे कसले, त्यांचे खांबसुद्धा काढून नेलेत. त्यांच्या जागी फुटपाथवर सिमेंटने बुजवलेले चार गोल तेवढे दिसतात. अशा चौकातून तासाभरात एकवीसशे अठरा गाड्या गेल्या. सगळ्यांत लांब रांग नऊ गाड्यांची, आणि तीही चालती. वहिनी, एका तासात एकाही गाडीचं चाक पूर्ण थांबलं नाही.

माझे पाय अजून जमिनीला लागलेले नाहीत. सकाळपासून तीन कप चहा झाला आणि घरात नुसत्या येरझारा घालतेय. ऑफिसातल्या सगळ्यांना सगळं माहीत आहे, त्यांना काय सांगणार? ज्याला माहीत नाही आणि ज्याला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही असं माणूस एकच आहे, आणि ते माझ्याशी बोलत नाही.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तू मध्येच 'म्हणजे काय' विचारशील आणि उत्तर द्यायला मी तिथे नसेन.

तू ज्यांना बिनडोक्याच्या गाड्या म्हणतेस, त्या बिनड्रायव्हरच्या गाड्या. आपल्या भागात आता सगळ्या तशाच. ड्रायव्हरच नाही, तर लाल-हिरवा दिवा दाखवायचा कोणाला? म्हणून गाडी चौकापासून दोनशे मीटरवर आली की कोपऱ्यावरच्या राखाडी पेटीला विचारते: मी येतेय, इतक्या वेगाने, मला सरळ जायचंय, जागा दे. पेटीने चौकाच्या जमिनीचे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडलेत. कुठला चौकोन कुठल्या क्षणी कोणाचा, हे ती ठरवते. जागा मिळाली तर गाडी आहे त्या वेगाने येते, नाही मिळाली तर लांबूनच वेग उतरवते. ती पेटी हे कसं ठरवते, तो नियम म्हणजे माझी चार वर्षं.

माझा नियम अगदी सरळ होता. जो आधी विचारेल त्याला आधी जागा. लहानपणी तूच शिकवलंस ना, रांग मोडायची नाही, आधी आलेल्याचा हक्क आधी. मी तेच गणितात घातलं आणि खूश झाले.

जानेवारीत पहिली चाचणी झाली. दुपारभर झकास चाललं. आमचे साहेब सगळ्यांना चहा पाजत सुटले. मग कारखाना सुटला आणि बघता बघता रांग टायरच्या दुकानाच्या पुढे, पुलावर चढून पलीकडे उतरली. मी स्वतः चालत जाऊन मोजल्या, एक्काहत्तर गाड्या. फुटपाथवरची गंमत तर विचारू नकोस. मुलांसाठी खांबावर बटण बसवलंय, दाबलं की पेटी चालणाऱ्याला जागा देते. शाळा सुटल्यावर चाळीस मुलांनी चाळीस वेळा बटण दाबलं, आणि पेटीने इमानेइतबारे चाळीस वेगवेगळ्या जागा दिल्या. एक मूल, मग दोन गाड्या, मग एक मूल, मग एक गाडी. ज्याला डोकं नाही, नुसतं घड्याळ आहे, अशा पंचवीस वर्षांच्या जुन्या सिग्नलने मला पाणी पाजलं.

आम्ही आधी रस्त्याच्या उताराला दोष दिला, मग पेटीला, मग गाड्या बनवणाऱ्यांना. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तपासणी समितीच्या अध्यक्ष बाई पुलावर उभ्या राहून सगळं बघत होत्या. बारीक चणीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी तीन महिने दिले. तेवढ्यात जमलं नाही तर सिग्नल परत लावायचे, चारही वर्षांचं काम कपाटात, आणि आमचा आठ जणांचा गट मोडायचा. त्या दिवसापासून साहेबांनी केस विंचरणं सोडलं.

हे सगळं मी रडवेल्या आवाजात दादाला फोनवर सांगत होते. तू शेजारीच होतीस. कपड्यांच्या घड्या घालताना तू प्रत्येक कपडा झटकतेस, तो आवाज मला येत होता. मग दादा म्हणाला, "ही म्हणतेय, एकेकाला सोडत बसली तर सकाळची शाळा संध्याकाळी सुटेल. घोळका करायला शिक म्हणावं."

राग आला मला, खोटं कशाला बोलू? चार वर्षं डोकं फोडून घेतलेल्या बाईला चादर झटकता झटकता सल्ला. दोन दिवस मी फणफणत होते. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन पडद्यासमोर बसले आणि जुने व्हिडिओ लावले.

या चौकाचे दोन वर्षांचे व्हिडिओ आमच्याकडे आहेत, सिग्नल होते तेव्हाचे. गाड्या मोजायला म्हणून चार कॅमेऱ्यांनी घेतलेले. मी ते शेकडो वेळा पाहिलेत आणि प्रत्येक वेळी गाड्याच पाहिल्यात. त्यात तू आहेस. शाळेच्या हिरव्या फाटकासमोर, फुटपाथच्या पिवळ्या कडेवर, हातात ती 'थांबा' लिहिलेली लाल पाटी. आमची प्रणाली दिसेल त्या वस्तूभोवती चौकट काढते आणि वर नाव टाकते: गाडी, माणूस, झाड. तुझ्याभोवती राखाडी चौकट आहे आणि वर लिहिलंय, 'स्थिर अडथळा'. तू एकाच जागी तास तास उभी असायचीस ना, म्हणून तसं नाव पडलं.

मी चार दिवस फक्त तुला बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तू जवळच्या गाडीकडे बघतच नाहीस. तुझी मान सतत लांब, तिसऱ्या-चौथ्या गाडीकडे. पोरं येतात तशी तू त्यांना कडेला जमवतेस, पुढच्याला मागे ओढतेस, मागच्याला पुढे ढकलतेस, दहा-बारा झाली की एकजीव घोळका करतेस. तिकडे गाड्यांचाही घोळका होऊ देतेस. तो पूर्ण गेला, मागे मोकळं पडलं, की पाटी वर. बारा पोरं एका दमात पलीकडे. पाटी खाली. परत गाड्यांचा घोळका.

मग मी कागद घेऊन बसले. एकाच दिशेच्या दोन गाड्या एकामागून एक जाताना मध्ये एक सेकंद सोडला तरी पुरतो. आडव्या दिशेची गाडी मध्ये घ्यायची तर तीन सेकंद सोडावे लागतात. मी न्याय करायला म्हणून पूर्वेची एक, दक्षिणेची एक, पुन्हा पूर्वेची एक अशा सोडत होते, आणि दर वेळी ते तीन सेकंद हवेत जात होते. पाच-पाचचा घोळका केला की तीन सेकंद एकदाच जातात. इतकं साधं गणित आहे. माझ्या न्यायापायी पुलावर एक्काहत्तर गाड्या तुंबल्या होत्या.

घोळका घातला आणि रांग अर्ध्यावर आली. साहेबांनी एकदा केसांवरून हात फिरवला. पण दुसरंच झालं. मोठ्या रस्त्यावरचे घोळके संपेचनात, आणि दवाखान्याच्या गल्लीतून एक एकटी गाडी आली ती चार मिनिटं उभीच. आत एक म्हातारे गृहस्थ होते. ते उतरले, चालत पेटीपाशी आले आणि पेटीवर काठी आपटून म्हणाले, "अगं बाई, माझी वेळ सहाची आहे." पेटीला बाई म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

म्हणजे घोळका करायचा हे कळलं, पण तो तोडायचा कधी ते कळेना. व्हिडिओत तू एकट्या पोरालाही फार वेळ उभं ठेवलेलं नाहीस. मी घड्याळ लावून पाहिलं, कधी एकोणीस सेकंद, कधी सव्वीस, कधी अकरा. कसलाच हिशोब लागेना. शेवटी लाज सोडून दादाला म्हटलं, विचार तिला, ती काय मोजायची. तुझं उत्तर दादाने वहीत लिहून घेतलं आणि मला बातम्या वाचल्यासारखं वाचून दाखवलं: "मोजत काही नव्हते. पोरानं अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकला की समजायचं, आता हे पळणार. त्याच्या आत सोडायचं."

मी फोन ठेवला आणि पुन्हा व्हिडिओ लावले. वहिनी, खरंच. प्रत्येक वेळी पाटी वर करायच्या आधी तुझी मान एकदा खाली जाते. तू पोरांचे पाय बघतेस. बावीस वर्षं तू पाय बघत होतीस आणि घरी आल्यावर आम्हाला एकदाही सांगितलं नाहीस.

गाडीला पाय नसतात, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण गाडी पूर्ण थांबली की तिला परत वेग घ्यायला वेळ लागतो, आणि तिच्यामागच्या सगळ्यांना त्याहून जास्त. थांबायच्या आधी, चाक फिरतं असतानाच तिला जागा दिली तर ती तशीच सरकत निघून जाते. चाक थांबणं म्हणजे तिचं पळायला लागणं, असं मी धरलं. नियम असा लिहिला: आडव्या दिशेला वाट बघणाऱ्या पहिल्या गाडीचं चाक थांबायच्या बेतात आलं, की चालू घोळका तिथे तोडायचा, कितीही मोठा असो. बटणावरही तेच. दहा-बारा मुलं जमेपर्यंत थांबायचं, पण कडेवरच्या कॅमेऱ्याला एखादं पोर चुळबुळताना दिसलं की लगेच वाट मोकळी करायची. हे बसवायला सहा आठवडे लागले. आमच्या तारवाल्याने, म्हणजे खांबांवर चढून कॅमेरे बसवणाऱ्याने, पोरांचे पाय दिसावेत म्हणून कॅमेरा चार वेळा खाली-वर केला आणि चारही वेळा माझ्या खानदानाचा उद्धार केला.

आणि काल. अध्यक्ष बाई पुलावर, हातात मोजणीचं यंत्र. साहेब केस विंचरून, चक्क भांग पाडून. साडेपाचला शाळा सुटली, पाच चाळीसला कारखाना. भरीस भर म्हणून मैदानावरचा सामनाही तेव्हाच संपला, त्याची आम्हाला कल्पनाही नव्हती. साहेब माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवत होते. मी म्हटलं, येऊ देत.

तू माझी वेणी घालायचीस तेव्हा पेड कसे एकाखालून एक सरकायचे, तशा गाड्या जात होत्या. पूर्वेच्या चार, दक्षिणेच्या तीन, गल्लीतली एकटी, पुन्हा पूर्वेच्या पाच. कुठे भोंगा नाही, कचकन ब्रेक नाही. शाळेच्या फाटकापाशी पोरांचा घोळका झाला, गाड्या लांबूनच हळू झाल्या, बारा पोरं रमतगमत पलीकडे गेली, आणि त्यांच्या पाठीमागे वाट पुन्हा मिटली. टायरवाला दुकानातून बाहेर येऊन बघत राहिला. तारवाला खांबावरून ओरडला, "जमलं की ओ." मी फुटपाथवरच बसले. साहेबांना रडताना बघायचं नव्हतं म्हणून, आणि माझंही रडणं त्यांना दाखवायचं नव्हतं म्हणून.

अध्यक्ष बाई खाली आल्या. म्हणाल्या, "मंजूर. गुरुवारी कागदावर सह्या." मग मला विचारलं, "हा नियम सुचला कसा?" मी सांगितलं, इथे शाळेसमोर एक बाई पाटी घेऊन उभ्या असायच्या, त्यांच्याकडे बघून. त्या म्हणाल्या, "छान." म्हणजे बघ, अध्यक्षांपर्यंत तुझी गोष्ट पोचली.

आता एक लिहायचं राहिलं, ते लिहून टाकते. तुला चौकातून काढायचा आदेश निघाला, तो वरून निघाला होता. पण मला तो आदल्या दिवशी कळला होता. त्याच संध्याकाळी मी तुमच्याकडे जेवायला आले, तुझ्या हातचं पोटभर जेवले, आणि काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला कागद मिळाला. तू त्याच्यासाठीच रागावलीस, मला माहीत आहे. चुकलंच माझं. झालं, लिहिलं.

पाठीला शेक घेत जा. दादाला म्हणावं, निरोप्याच्या कामातून तुझी सुट्टी, बढती देऊन.

तुझी, आज जरा जास्तच फुगलेली,
बारकी

*

२७ एप्रिल, रविवार, दुपार

वहिनी,

नमस्कार. मंगळवारी दादाचा फोन आला. तू पत्र दोनदा वाचलंस म्हणाला, दुसऱ्यांदा चष्मा लावून. चाकं थांबली नाहीत तिथे तू हसलीस, तेही त्याने सांगितलं. मी खूश व्हायला लागले तेवढ्यात त्याने वही उघडली आणि तुझं बोलणं वाचलं: "सगळं लिहिलंय. ते अडथळ्याचं नाव कोणी दिलं, तेवढं लिहिलं नाही. आदेश वरून आला म्हणते, वर काय आपोआप उगवला? आणि 'एक बाई' म्हणे."

दादाने विचारलं, "हिचं काय म्हणणं आहे? मला काही कळलं नाही." मी म्हटलं, मला कळलं.

तुला किती दिवसांपासून माहीत आहे? पहिल्यापासूनच असणार. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं मी दीड वर्षं 'आदेश निघाला', 'नाव पडलं' असं बोलत राहिले आणि मला वाटलं, कोणाला दिसत नाही.

तर ऐक. चौकातले व्हिडिओ आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरची आमची खोली तू पाहिलेली नाहीस. एकच खिडकी, तीही उघडत नाही, आणि भिंतभर पडदा. आम्ही आठही जण त्याच्यासमोर उभे होतो. तुझ्याभोवतीची चौकट सारखी बदलत होती, कधी माणूस, कधी खांब. प्रणालीला तू कळत नव्हतीस. कोणीतरी म्हणालं, "ही लाल पाटीवाली कोण आहे? हिच्यामुळे रोज मोजणी बिघडते." दुसरा म्हणाला, "हिला काहीतरी नाव द्या आणि मोकळे व्हा." कीबोर्ड माझ्यासमोर होता. 'स्थिर अडथळा' हे मी टाइप केलं. सगळे हसले. मीही हसले.

पडद्यावर तू एका हाताने पाटी धरली होतीस आणि दुसऱ्या हाताने कोणाच्या तरी बुटाची नाडी बांधत होतीस. अंगात माझा कॉलेजातला निळा स्वेटर होता.

मी तेव्हा म्हणू शकले असते, ही माझी वहिनी आहे. चारच शब्द होते. मी नवीन होते, सगळ्यांच्या घरी मोठमोठे शिकलेले लोक, आणि मला वाटलं, पाटीवालीची नणंद म्हणून माझ्याकडे बघतील. मला तुझी लाज वाटली, वहिनी. आई गेल्यावर जिने मला नवव्या वर्षी पदरात घेतलं, तिची. मी सातवीत असताना तू ती पाटी पहिल्यांदा हातात घेतलीस आणि त्या पाटीवर मी शिकले, इंजिनीयर झाले, आणि पहिली लाज मला तुझीच वाटली.

एकदा हसल्यावर पुढचं सोपं झालं. चाचणीच्या आधी, दीड वर्षापूर्वी दिलेल्या अहवालात पान नऊवर एक ओळ आहे: 'पादचारी मार्गावर मानवी साहाय्याची आवश्यकता नाही.' ती मी लिहिली. खाली सही माझी. ती ओळ आमच्या खोलीतून वर गेली आणि वरून तुझ्या दारात आली. त्या संध्याकाळी जेवताना मी मान वर केली नाही, ती याच्यासाठी. तू मला आणखी वाढत होतीस.

आणि त्या चाचणीच्या शुक्रवारी, जिंकल्यावर, सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत असताना मी पुन्हा 'एक बाई' म्हणाले. बावीस वर्षांची तुझी विद्या मी सगळ्यांसमोर वापरली आणि नातं खिशात ठेवलं. पत्रात तुला ते फुशारकीने लिहिलंसुद्धा.

आता गुरुवारचं सांगते. हे पत्र खरं तर त्याच्यासाठीच आहे.

सह्यांची बैठक पालिकेच्या मोठ्या सभागृहात होती. लांबच लांब टेबल, चाळीस-पन्नास माणसं, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि नव्या-जुन्या अहवालांच्या प्रती. अध्यक्ष बाईंनी मंजुरीचा कागद वाचायला घेतला. 'हा नियम गटाने स्वतंत्र संशोधनातून विकसित केला' असं त्यात होतं. साहेब मान डोलावत होते. मी उभी राहिले. 

म्हटलं, "बाई, ते वाक्य बरोबर नाही."

साहेबांनी माझी बाही ओढली. अध्यक्ष बाई म्हणाल्या, "मग बरोबर काय आहे?"

"नियम पाटीवाल्या बाईंचा आहे. घोळका कधी करायचा तेही त्यांचं, कधी तोडायचा तेही त्यांचं. मी फक्त गणितात घातलं. आणि ज्या अहवालामुळे त्यांना चौकातून काढलं, त्याचं पान नऊ उघडा. ती ओळ माझी आहे."

पन्नास माणसं पानं उलटू लागली. अध्यक्ष बाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली. मग सही वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आता काय म्हणता?"

"चुकीची आहे म्हणते. खोडायची आहे."

"मंजूर अहवालातलं काही खोडता येत नाही. खाली दुरुस्ती जोडता येते. स्वतःच्या हाताने, सहीसकट."

त्यांनी आपलं पेन पुढे केलं. मी उभ्या उभ्या लिहिलं आणि त्यांनी वाचायला लावलं म्हणून वाचलं. जसंच्या तसं तुला लिहून पाठवते:

'पान नऊ, ओळ चार चुकीची आहे. या चौकात बावीस वर्षं मानवी साहाय्य होतं आणि चौकाचा आजचा नियम त्यातूनच घेतला आहे. हे साहाय्य करणारी व्यक्ती माझी वहिनी आहे. तिने मला वाढवलं.'

अध्यक्ष बाई म्हणाल्या, "शेवटची दोन वाक्यं तांत्रिक कागदात कशाला?"

मी म्हटलं, "तेवढीच सांगायची राहिली होती, बाई. बाकीचं गणित तुम्ही तपासलंच आहे."

त्यांनी कागद परत आपल्याकडे ओढला. मग त्यांनी दुरुस्तीवर स्वतःची सही केली आणि कागद साहेबांकडे सरकवला. साहेबांनी केली. मग तो टेबलभर फिरला. सगळ्यांत शेवटी तारवाल्याने सही केली, त्याची गरज नव्हती तरी. येऊन मला म्हणाला, "पोरांच्या पायांसाठी मला चार वेळा खांबावर चढवलंत, तेव्हाच सांगायचं ना. शिव्या दिल्या नसत्या."

अध्यक्ष बाईंनी आणखी एक ठराव तिथल्या तिथे मांडला. यापुढे सात चौकांतले सिग्नल निघणार आहेत. प्रत्येक ठिकाणी आधी महिनाभर कडेवर उभं राहून बघायचं, तिथे रोज उभी असणारी माणसं काय जाणतात ते विचारायचं, आणि काय बघायचं हे आमच्या लोकांना शिकवायला एक जाणकार नेमायचा. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या वहिनी येतील का?"

मी म्हटलं, "मला काय माहीत, त्या माझ्याशी बोलत नाहीत."

अख्खं सभागृह हसलं. माझ्यावर हसलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. घरी येताना मी पूल चालत ओलांडला, चौकापाशी आले आणि सात-आठ घोळके जाऊ दिले, नुसतं बघायला. माझी छाती शुक्रवारी फुगली होती त्याच्या दुप्पट फुगली होती. शुक्रवारी चौक जिंकला होता, आणि आतून काहीतरी टोचत होतं. गुरुवारी ते टोचणं गेलं.

परवा शुक्रवारी सकाळी ऑफिसात पहिलं काम केलं. जुन्या व्हिडिओंतलं ते नाव पुसलं. सगळे मागे उभे होते, कोणी म्हणालं 'रक्षक' लिहा, कोणी म्हणालं 'जाणकार'. मी 'वहिनी' लिहिलं. आता दोन वर्षांच्या प्रत्येक दिवशी, शाळा भरताना आणि सुटताना, तुझ्या डोक्यावर तेच दिसतं. साहेबसुद्धा आता बैठकीत म्हणतात, वहिनींचा नियम इथे लावून बघा.

पालिकेचं पत्र तुला वेगळं येईल. जायचं की नाही ते तुझं तू ठरव, त्याची माझ्याशी गाठ घालू नकोस. तू नाही म्हणालीस तरी गुरुवारी सभागृहात जे लिहिलं ते तसंच राहणार आहे, ते मलाही खोडता येणार नाही. माफ कर असं इथे लिहीत नाही. ते तोंडाने म्हणायचं असतं, आणि तू समोर असताना. येत्या रविवारी सकाळी अकराला येते. जेवायला नाही. तू जेव म्हणालीस तर जेवेन.

चारचौघांत सांगून आलेली,
तुझी नणंद